बारा बायांचे कागद

केज, २ जून २०२५, सोमवार

बारावा कागद आज मिळाला. मनकर्णाचा. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिने तो काढला, पदराने पुसला आणि देताना विचारलं, “परत देताल नव्हं, ताई?” मी म्हटलं, “देणार की. नुसता परत नाही, पुस्तक करून देणार.” तिला ते फारसं कळलं नसावं, पण ती हसली आणि चहा टाकायला उठली.

वाडीवरच्या या बाराही जणी ऊसतोडीला जातात. पाळीच्या दिवसांत फडात खाडा पडतो, मुकादमाची बोलणी खावी लागतात, ओटीपोटात दुखतं ते वेगळंच. या सगळ्यावर एकच उपाय म्हणून कुणाची पंचविशीत, कुणाची तिशीत गर्भाची पिशवी काढून टाकलेली. घरी सोडताना दवाखान्याने हातात ठेवलेले हे कागद. दवाखाने खाजगी, वेगवेगळे, निम्मे तर आता बंदही पडलेत. कागद मात्र बायांनी जपलेत. का जपले, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही.

माझ्या डोक्यात पुस्तक पक्कं आहे. हे कागद भिजवायचे, कुटायचे, त्यात उसाच्या चिपाडाचा आणि या बायांच्याच जुन्या लुगड्यांचा लगदा मिसळायचा आणि प्रत्येकीचं एक कोरं पान काढायचं. ज्या कागदाने बाईच्या अंगाचा निकाल लावला तो कागदच पुसून टाकायचा. बारा बाया, बारा पानं. नाव ‘कोरं’. वीस वर्षं शाळेत सफरचंदं आणि डोंगरामागचा सूर्य शिकवला. आता त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःचं काम सापडलं असं वाटतंय.

१४ जून

कड्याच्या साखर कारखान्यातून चिपाडाची दोन पोती आली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर सोड्यात शिजवत बसले. वास असा सुटला की शेजारीण कुंपणावरून विचारती झाली, “मॅडम, काय करपलं?” म्हटलं, “संसार. पण तो जुनाच.” ती बिचारी ओशाळून आत गेली. नवऱ्यापासून सुटून नऊ वर्षं झाली तरी गल्लीत अजून तो विषय कुणी काढत नाही, म्हणून मीच काढते.

आप्पा नाकाला रुमाल लावून एक चक्कर मारून गेले. माझे वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. एके काळी अर्धा तालुका त्यांच्याकडून अर्ज लिहून न्यायचा. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या स्वतःच्या पहिलीच्या दाखल्यापासून माझ्या घटस्फोटाच्या निकालापर्यंत सगळं आहे, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्ससकट.

“बायांचे कागद कुठं ठेवलेस?” त्यांनी विचारलं.

“आहेत नीट.”

“झेरॉक्स काढली?”

“काढते,” म्हटलं. काढणार नाहीये. नक्कल शिल्लक ठेवली तर पुसण्याला अर्थ काय उरला? पण हे आप्पांना समजावत बसले असते तर दुपार तिथेच गेली असती.

२९ जून

आज कुटले.

पहिला कागद पाण्यात सोडण्याआधी दोनदा परत ठेवला, हे खरं. मग जमलं. प्रत्येकीचं भांडं वेगळं, प्रत्येक भांड्यावर नावाची चिठ्ठी. शाई सुटून पाणी निळसर झालं आणि तासाभरात सगळ्या ओळी गेल्या. मला इतकं मोकळं वाटलं की थोडी रडले. त्या बायांनाही हेच हवं असणार. त्यांना ते बोलून दाखवता येत नाही, एवढंच.

वाचला एकही नाही. एक तर डॉक्टरी इंग्रजी, त्यात गिचमीड. आणि मला दवाखान्यांचं म्हणणं ऐकायचंच नव्हतं. मला बायांचं ऐकायचं होतं.

मनकर्णाचा कागद तेवढा अडला. त्यावरच्या मधल्या तीन-चार ओळींचं अक्षर फार देखणं होतं. निळी शाई, शेवटच्या तीन अक्षरांखाली लांब तिरका फराटा. कुटवेना. तळहाताएवढा तुकडा फाडून बाजूला ठेवला आणि बाकीचा भांड्यात टाकला. हा तुकडा पुस्तकाच्या मधोमध उलटा चिकटवीन, वर पातळ पापुद्रा ओढीन. म्हणजे काय लिहिलंय ते दिसणार नाही, नुसती शाईची सावली दिसेल.

११ जुलै

पाऊस. पानं वाळत नाहीत. दोन पानांना बुरशी आली, पुन्हा भिजवून नव्याने काढली. कालपासून वर्षावास सुरू झाला, आप्पा रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाच्या वाचनाला जातात. मोठ्याने वाचायची पाळी त्यांचीच असते. दाताची कवळी ढिली झाली आहे, तरी पाळी दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

२७ जुलै

झालं. दाभणाने शेवटची शिवण घातली, गाठ मारली आणि कितीतरी वेळ पुस्तक नुसतं मांडीवर घेऊन बसले. बारा पानं. लुगड्यांच्या रंगाने कुठे गुलाबी झाक, कुठे हिरवट. चिपाडाचे तुसे बोटांना लागतात. मधलं पान उजेडाला धरलं की शाईची ती सावली दिसते. मला माझ्याच कामाची नजर लागेल असं वाटलं.

पुण्याला मैत्रेयीला फोटो पाठवले. तिथल्या ज्या गॅलरीत प्रदर्शन व्हायचंय, तिचं सगळं तीच पाहते. पाच मिनिटांत फोन. “अंजली, हे प्रदर्शनाच्या मध्यभागी ठेवायचं. वेगळ्या टेबलावर, एकटं.” वीस सप्टेंबरला उद्घाटन. बाराही जणींना पुण्याला न्यायचं माझ्या मनात आहे. आपलं पान हातात घेऊन त्या काय म्हणतील?

६ ऑगस्ट

मनकर्णा आली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. सोबत तिची चुलत सासू छबुबाई, पन्नाशीची, फटकळ, माझ्या बारा जणींमधली सगळ्यात वयस्कर. दोन जीपा बदलून आल्या.

“हंडा उचलला आन् कट्कन वाजलं,” मनकर्णा म्हणाली.

“सदतीस वर्साच्या बाईचा हंड्यानं हात मोडतो व्हय?” छबुबाई म्हणाल्या. “आंबाजोगाईला नेली. तिथली डाक्तरीणबाई म्हणली, हिची हाडं म्हातारीवानी झालीत.”

मनकर्णाने मुद्द्याचं सांगितलं. पिशवी काढली तेव्हा आतलं आणखी काय काढलं, ते डॉक्टरीणबाईंना कळायला हवं. सोनोग्राफीत नीट समजत नाही. कागद बघितल्याशिवाय त्या औषध सुरू करणार नाहीत, कारण ते औषध सगळ्यांना चालत नाही. “म्हणून कागद न्यायला आले, ताई. दवाखान्याला दाखवते आन् पुन्ना आणून देते तुमाला.”

पुन्हा आणून देते, म्हणाली. मी म्हटलं, “कागद पुण्याला गेलेत. प्रदर्शनाला.” कसं निघालं तोंडातून, माहीत नाही.

“मग मागून घ्या की.”

“हो. मागवते.”

त्यांना पोहे करून घातले. भरपूर शेंगदाणे, वरून खोबरं, कोथिंबीर. मनकर्णा डाव्या हाताने सावकाश खात होती. पोहे लई चांगले झालेत, असं दोनदा म्हणाली.

९ ऑगस्ट

कागद हवाय तो मनकर्णाचा, आणि बारा जणींपैकी तिचाच तुकडा शिल्लक आहे. पण त्या तीन-चार ओळींत असून असून काय असणार? नाव, गाव, ‘टाके आठ दिवसांनी काढावेत’. त्यासाठी मधलं पान फोडायचं? पुस्तक उसवायचं? सहा आठवड्यांवर प्रदर्शन आलं असताना?

मैत्रेयीला सांगितलं. ती म्हणाली, “कामात गेलेली वस्तू कामाची झाली. हात लावू नकोस. अगदीच वाटलं तर प्रदर्शन संपल्यावर बघ. आणि खरं सांगू? हा सगळा प्रसंगसुद्धा या कामाचाच भाग आहे.”

ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१६ ऑगस्ट

मनकर्णाने घरच्या नंबरवर फोन केला आणि तो आप्पांनी उचलला. आता आप्पा कामाला लागलेत. पुण्याहून कागद यायला वेळ लागणार असेल तर मूळ दवाखान्यातून नक्कल काढू, असं त्यांनीच ठरवून टाकलं. जेवणाच्या टेबलावर कार्बन घालून दोन प्रतींत अर्ज लिहिला. मी समोर भाजी निवडत होते. त्या वेळी सांगता आलं असतं.

२० ऑगस्ट

आप्पा तीन दिवस एसटीने फिरले. दवाखान्याच्या जागी आता टायरचं दुकान आहे. डॉक्टर कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. जुनी रजिस्टरं ज्या कंपाउंडरकडे असतील म्हणून कुणी सांगितलं तो पाटोद्यात राहतो असं कळलं. आप्पा पाटोद्यालाही जाऊन आले. त्याच्याकडेही काही नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा पाय सुजून चपलेचा पट्टा रुतला होता. मी पाणी गरम करून टोपात ओतलं, त्यांचे पाय त्यात ठेवले आणि खाली बसूनच सांगितलं.

त्यांनी टोपातला एक पाय बाहेर घेतला. मग विचारलं, “वाचले होतेस?”

“नाही.”

“एकबी?”

“नाही, आप्पा.”

“माझा बाप पाटलाच्या कागदावर अंगठा द्यायचा,” ते म्हणाले. “त्यात काय लिहिलंय ते त्याला जन्मात कुणी वाचून दाखवलं नाही. तेवढ्यासाठी मी शाळेत गेलो. अनवाणी गेलो. तुला शिकवली. आन् तू...” ते पाय पुसून आत गेले. विहारात आज दुसऱ्याच कुणीतरी वाचलं.

मला आधी रागच आला. मी काय मुकादम आहे? त्या बायांसाठी जीव टाकून काम केलं ते मी. वाडीवर आजवर कोण गेलं होतं त्यांच्याकडे? असं पानभर लिहिलं होतं इथे. वाचून पाहिलं आणि फाडलं.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी पुस्तक उसवलं. एकेक टाका ब्लेडने कापला. मधलं पान थाळ्यात ठेवून वरून कोमट पाणी सोडलं. कणकेची खळ लावली होती, ती सुटेल याची खात्री होती. पण पानाचं काय होईल ते कळत नव्हतं. दहा मिनिटांनी वरचा पापुद्रा सुटला. मग तुकडा हलला. त्याच वेळी खालचं पान फुगून त्याचा पुन्हा लगदा व्हायला लागला. मनकर्णाच्या गुलाबी लुगड्याचे धागे पाण्यात वेगळे दिसायला लागले. दोन महिन्यांपूर्वी मी हेच केलं होतं आणि मला मोकळं वाटलं होतं. आज मी तेच धागे तुकड्यापासून जपून बाजूला सारत होते. आप्पा शेजारी उभे राहून थाळा धरून होते, पाणी हलू नये म्हणून. चार दिवसांनी ते पहिल्यांदा शेडमध्ये आले.

तुकडा आला. कडा गेल्या, एक ओळ अर्धी गेली, पण शाई टिकली. सुती फडक्यात दाबून वाळवला. मग आप्पांनी भिंग लावून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, विहारात वाचतात तसं. वय चोवीस. तारीख. आणि ती देखणी ओळ: टी, ए, एच. मग बी, एस, ओ.

“म्हणजे काय?” आप्पांनी विचारलं. मला माहीत नव्हतं.

मैत्रेयीला कळवलं. ती म्हणाली, “म्हणजे आता दाखवायला काही उरलंच नाही?” मी म्हटलं, “अकरा पानं आहेत, पण ती मी देणार नाही.” तिने फोन ठेवला. तिचंही वाईट वाटलं मला. टेबल रिकामं राहील तिचं.

२८ ऑगस्ट, आंबाजोगाई

डॉक्टर बाई तरुण आहेत. बाहेर एवढी रांग, तरी त्यांनी तुकडा दोन्ही हातांनी धरून वाचला. हा असा का फाटला, हे विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मनकर्णाकडे वळल्या.

“पिशवीबरोबर दोन्ही बाजूंची अंडाशयं काढलीत तुमची. चोविसाव्या वर्षी. त्यांच्यातून जे पाझरतं त्यामुळं बाईची हाडं धड राहतात. तेरा वर्षं तुमच्या शरीराला ते मिळालंच नाही.”

मनकर्णा म्हणाली, “मला पिशवी म्हणले व्हते.”

“हो.”

“आंगातून वाफा निघायच्या. मला वाटायचं चुलीम्होरं बसून हुतंय.” तिने प्लास्टरवरून पदर सारखा केला. “दोन्ही कावून काढले? दोन्हीला काय झालतं?”

“ते यात नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “वर लिहिलं असेल कदाचित. हा मधला तुकडा आहे.”

वरचा भाग मी कुटला. तो थाळ्यात लगदा झाला आणि मी तो रविवारी मोरीत ओतला. तिथे खुर्चीत बसून, मनकर्णाकडे बघत हे मला सांगता येईना, पण सांगितलं. मनकर्णाने ऐकलं. औषध सुरू झालंय, दर तीन महिन्यांनी तपासणी. परतीच्या बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली आणि केज येईपर्यंत बाहेर बघत राहिली. मी शेजारी बसले होते. मला तिचा हात धरायचा होता. धरला नाही, कारण तिला तो नको असता तर ती तसं म्हणाली नसती.

७ सप्टेंबर, रविवार

आज वाडीवर गेले. पुढच्या महिन्यात टोळ्या फडावर निघतील, त्याआधी सांगायला हवं होतं. आप्पांना येऊ नका म्हटलं, तरी ते काठी घेऊन आले. समाजमंदिरात सतरंजी टाकली. मनकर्णा धरून बाराही जणी आल्या. मी उभी राहून सगळं सांगितलं. काय मागितलं होतं, काय केलं, काय वाचलं नाही, मनकर्णाशी काय खोटं बोलले. पाठ करून गेले होते, तरी मध्येच अडखळले.

मग मनकर्णाने तिच्या तुकड्यावर काय निघालं ते सांगितलं. माझ्यापेक्षा नीट सांगितलं तिने. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. हिला वाफा येतात, तिचे गुडघे धरतात, एकीला रात्ररात्र झोप नाही. एकीने मला सगळ्यांसमोर शिवी दिली. दिली ते बरं केलं. दुसरी म्हणाली, “शिकल्याली बाई म्हणून दिला व्हता कागद.” एवढं म्हणून ती उठून गेली.

छबुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “माजंबी काढलं आसंल का दोन्ही?”

“मला माहीत नाही.”

“कागदात व्हतं?”

“असेल. मी वाचलं नाही.”

“आन् आता?”

“आता त्यात काही नाही. मी तुम्हाला आंबाजोगाईला नेते, छबुबाई. सगळ्यांना नेते. त्या डॉक्टर तपासतील.”

“तपासून बाई सांगंल काय ऱ्हायलंय त्ये,” छबुबाई म्हणाल्या. “काय काढलं आन् कावून काढलं, त्ये कागदात व्हतं.”

आप्पा काठीवर हनुवटी ठेवून खाली बघत होते.

मी अकरा पानं नेली होती. जिचं तिच्याकडे असावं, म्हणून एकेकीला नाव घेऊन दिलं. कुणी घेतलं, कुणी सतरंजीवरच राहू दिलं. छबुबाईंनी त्यांचं घेतलं. हिरवट झाक असलेलं, माझ्या मते बारांतलं सगळ्यात सुंदर. त्यांनी ते पाठपोट पाहिलं, उजेडाला धरलं, वास घेतला. मग इथे सगळे कागद जसे घडी करतात तसं, आधी दोन आणि मग चार घड्या घालून ते मोडलं. एवढा जाड कागद घडीवर तुटतो, तसा तो तुटला. त्यांनी घडी चोळीत खोचली आणि वरून पदर ओढून घेतला.

“ह्येच्यात काय बी न्हाई, कळलं मला,” त्या म्हणाल्या. “पर आता ह्यो मी कुणाला देणार न्हाई.”